डाव्या बाजूची वाटी

मैत्रिणींनो, आपल्या मराठी ताटाला एक शिस्त आहे. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. वाढायला शिकताना याचं कारण कुणी सांगत नाही, पण वाटी चुकीच्या बाजूला गेली की घरातल्या मोठ्या बाईची नजर बरोबर तिथेच जाते. डावी बाजू म्हणजे तोंडी लावणं. ते थोडं करायचं, थोडं वाढायचं. आणि थोडंच केलेलं असल्यामुळे पहिल्या पंगतीतच संपून जायचं. सगळ्यांची जेवणं उरकून जी शेवटी बसते, तिच्या ताटात डावीकडे बहुधा मीठच उरतं.

आज लिहायचंय ते सॅलडच्या ड्रेसिंगबद्दल. तुम्ही म्हणाल, ताई, सुरुवात कोशिंबिरीने केलीत आणि मध्येच हे कुठे निघालात? तर ऐका.

आमच्या भोंगवलीत बचत गटाची बैठक होती. हिशेब झाले, सह्या झाल्या, मग नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. नव्यानेच लग्न होऊन आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ते सॅलडवर घालायचं गोड-तिखट ड्रेसिंग असतं ना, ते घरी करता येतं का? बाटली फार महाग पडते." मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या सत्तरीच्या मावशी म्हणाल्या, "काय असतं गं त्यात?" पोरीने सांगितलं, आंबट असतं, गोड असतं, जरा तिखट असतं, थोडं तेल असतं. मावशी हसून म्हणाल्या, "अगं, मग ही आपली कोशिंबीरच की! काकडी काढून घेतली की खाली उरतं ते तुझं ड्रेसिंग."

सगळ्या हसल्या. पण मावशींनी लाखातलं बोलून टाकलं होतं.

लिंबू, गूळ, ठेचलेली मिरची, दाण्याचं कूट आणि वरून चुरचुरीत फोडणी. जगातल्या कुठल्याही ड्रेसिंगमध्ये जे लागतं ते सगळं यात आहे. युरोपात सिरका, तेल आणि वाटलेली मोहरी घोटून जे ड्रेसिंग करतात, त्याची युक्ती आपल्याकडे आज्या-पणज्यांना ठाऊक होती. त्याला आपण 'मोहरी फेसणं' म्हणतो. थायलंडमध्ये कच्च्या पपईची 'सोम तम' नावाची कोशिंबीर करतात. तिच्यात मिरची, लिंबू, ताडगूळ आणि भाजलेले शेंगदाणे असतात, आणि सगळं खलबत्त्यातच कुटतात. त्यातला माशाचा रस्सा तेवढा वगळला, तर आपल्या घरातलीच वाटावी.

एक मात्र खरं, 'हे आमचं परंपरेचं, ते परकं' अशी छाती फुगवण्यात अर्थ नाही. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली, टोमॅटोही तिकडचाच. आपल्या बायकांनी ते हाताळलं, ठेचलं, भाजलं आणि आपलंसं केलं. म्हणून त्या मुलीने 'ड्रेसिंग' म्हटलं याचं मला काही वाटत नाही. नाव काहीही द्या. प्रश्न एवढाच, की ते आपण करायचं की विकत आणायचं, आणि केलं तर ते कुणाच्या ताटात जायचं.

आधी बाटलीबद्दल बोलू. भोरला किंवा शिरवळला दुकानात गेलात, तर बाटली पुढून पाहू नका, फिरवून मागून पाहा. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. म्हणजे जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. मी हातात घेतलेल्या एका बाटलीवर पहिली नावं पाण्याची, साखरेची आणि तेलाची होती. मिरची बरीच खाली. चित्रात मात्र लालबुंद मिरच्या आणि हिरवीगार पानं! त्याखाली मिठाचा आकडाही बघायची सवय लावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या घरात लोणचं, पापड, ठेचा यांतूनच किती जातं! त्यात बाटलीची भर कशाला?

पांढऱ्या, घट्ट मेयोनेजचंही तसंच. कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनेजमधून विषबाधा होते म्हणून तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली होती. पोरांना तसं घट्ट काही हवं असेल तर दही फडक्यात बांधून तासभर टांगा. त्या घट्ट दह्यात मिरची, चिमूटभर साखर आणि फेसलेली मोहरी घाला. पोरं चाटून खातील.

आता कृतीकडे वळते. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं. मीही त्याच मापात सांगते.

रोजचं, दाण्याच्या कुटाचं. चार माणसांसाठी एक हिरवी मिरची, अर्धा चमचा जिरं आणि चवीपुरतं मीठ खलबत्त्यात ठेचा. त्यात पोह्यांचे दोन चमचे दाण्याचं कूट आणि चहाचे दोन चमचे किसलेला गूळ घाला. चहाचे दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग आणि हळदीची फोडणी करा आणि ती या कुटावर ओता. चांगलं गार होऊ द्या. मग एका लिंबाचा रस आणि दोन-तीन चमचे पाणी घालून चमच्याने घोटा. लिंबू शेवटी आणि गार झाल्यावरच घालायचं, कारण त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. याचा उपयोग पुढे सांगणारच आहे.

दुसरं चिंच-गुळाचं. आपल्या सणावारी पंचामृत असतं ना, मिरच्या, तीळ, दाणे, चिंच आणि गुळाचं, त्याचंच हे सुटसुटीत रूप. अर्धी वाटी चिंच कपभर गरम पाण्यात भिजवा, कोळ काढून गाळून घ्या. त्यात पाऊण वाटी गूळ, चहाचा एक चमचा लाल तिखट, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, किंचित सुंठ आणि मीठ घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा. थोडं दाट झालं की उतरवा. कोरड्या, स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलंत तर आठवडाभर सहज राहतं. मोड आलेली मटकी, उकडलेलं रताळं, किसलेलं गाजर, पातळ चिरलेला कोबी, कशावरही घाला.

तिसरं फेसलेल्या मोहरीचं. चहाचा एक चमचा मोहरी चिमूटभर मिठाबरोबर बारीक कुटा. मग दोन चमचे गार पाणी घालून फेस येईपर्यंत घोटा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी गारच हवं. मोहरी कुटल्यावर पाण्याशी गाठ पडली की तिचा झणका तयार होतो. गरम पाणी किंवा आधीच लिंबू घातलं तर तो तयारच होत नाही. दहा मिनिटांनी त्यात वाटीभर दही आणि चमचाभर साखर फेटा. काकडी, केळं, बीट, कशालाही छान लागतं. तेल घालणार असाल तर तेही यात नीट मिसळतं. तेल आणि पाणी एरवी वेगळं होतं, पण वाटलेली मोहरी तेलाच्या बारीक थेंबांना धरून ठेवते.

प्रमाण पाठ करायची गरज नाही. आंबट दोन भाग, गोड एक भाग, तिखट आपल्या घरच्या जिभेप्रमाणे. बोट बुडवून चव घ्या आणि लक्षात ठेवा, नुसतं चाखताना जरा जहाल वाटलं पाहिजे, कारण काकडी-कोबीत गेल्यावर ते मवाळ होणार आहे.

काही बारीकसारीक गोष्टीही सांगते. काकडी कोचवली की तिला पाणी सुटतं आणि मीठ घातलं की आणखीनच सुटतं. म्हणून मीठ-मसाल्याचं हे मिश्रण ऐन वाढायच्या वेळी घाला. सुटलेलं पाणी फेकू नका, ते कणकेत किंवा ताकात घाला. लिंबू, चिंच, दही घातलेलं पितळी किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, कळकतं. त्यासाठी काच, चिनी माती किंवा स्टील वापरा. दाणे भाजायच्या आधी निवडा. बुरशी आलेला, काळपट किंवा सुरकुतलेला दाणा चुलीत टाका, पण कुटात नको, कारण बुरशीतलं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवायचा मोह होतो, तोही टाळा. त्यात जिवाला धोका होईल असे जंतू वाढू शकतात. लसूण हवा असेल तर त्या दिवसापुरताच ठेचा. आणि पावसाळ्यात कोबी, कोथिंबीर, काकडी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नका.

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला, तिकडे वळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं, की देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्के होता. म्हणजे बैठकीत वीस जणी बसल्या असतील तर त्यातल्या दहा-अकरा! दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणं, दोन हंडे आणले की धाप लागणं, पायऱ्या चढताना छातीत धडधडणं, याला आपण 'बाईच्या जातीला एवढं चालायचंच' म्हणून मोकळ्या होतो. चालायचं कशाला?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितलेल्या मापानुसार मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर पाळी चालू असलेल्या बाईला २९. म्हणजे जवळजवळ दीडपट. आणि आपल्या घरात कसं असतं? ज्याला कमी लागतं त्याच्या ताटात पहिली वाढ, आणि जिला जास्त लागतं तिच्या वाट्याला तळाची आमटी.

आपण बाजरी खातो, कडधान्यं खातो, पालेभाजी खातो. त्यात लोह आहेच. पण धान्यातलं आणि भाजीतलं लोह अंगाला सहजासहजी लागत नाही. ते लागण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं. म्हणजे लिंबू, पेरू, आवळा, कच्चा कोबी, टोमॅटो. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते लोह अडवतो. आता त्या डाव्या बाजूच्या वाटीकडे पुन्हा बघा. लिंबू पिळलेली ती कोशिंबीर बाजरीच्या भाकरीतलं आणि मटकीच्या उसळीतलं लोह आपल्या अंगी लागायला मदत करते. उजवीकडचं अन्न अंगी लागायला डावीकडची वाटी मदत करते. म्हणून ती वाटी नुसती शोभेची नाही.

शिरवळकडच्या कंपनीत कामाला जाणारी आमच्या गटातली एक मुलगी सतत थकलेली दिसायची. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि ती त्या नेमाने घेतही होती. एकदा बोलता बोलता कळलं, की गोळी ती सकाळच्या चहाबरोबर गिळायची, कारण सकाळी निवांत मिळणारा घोट तेवढाच. मी तिला म्हटलं, पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि गोळी कधी नि कशाबरोबर घ्यायची ते नीट विचार. तिने विचारलं. चहा आणि गोळी वेगळी झाली आणि दुपारच्या डब्यात एक छोटी बाटली आली, दाण्याच्या कुटाच्या ड्रेसिंगची. गाजर-कोबी वेगळा, ड्रेसिंग वेगळं, जेवताना एकत्र. डबा चिकचिकत नाही आणि चवही टिकते. आता तिच्याबरोबरच्या मुलीही तिच्या डब्यात चमचा घालतात म्हणे.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगते, गैरसमज नको. कोशिंबीर खाल्ली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. रक्त कमी असेल तर तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. आणि गुळात लोह असतं हे खरं असलं, तरी चमचाभर गुळाने रक्त वाढत नाही. तो आपण चवीसाठीच घालतो. मधुमेह असेल तर गूळ, मध, साखर सगळं एकच समजा आणि गोडाऐवजी किसलेलं गाजर किंवा बीट घाला, गोडी येते.

तुमच्यातली एखादी म्हणेल, ताई, हे सगळं करायला वेळ कुठे आहे? पहाटे उठून डबे, जनावरं, शेत, नोकरी, त्यात ही ठेचाठेची कधी करायची? रास्त प्रश्न आहे. जिने बाटली आणली तिला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण एक युक्ती सांगते. रविवारी वाटीभर दाण्याचं कूट, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट आणि मीठ एकत्र करून कोरड्या बरणीत भरा. पुढचा आठवडा मोकळा! रोज त्यातले दोन चमचे घ्यायचे, गूळ आणि लिंबू घालून पाण्याने सैल करायचे. दोन मिनिटांचं काम. याला गॅस लागत नाही, सुरी लागत नाही. दहा वर्षांच्या पोराला जमेल, तसंच पेपर वाचत बसलेल्या त्याच्या बाबांनाही जमेल. लिंबू पिळायला काही बाईचाच हात लागत नाही.

पण खरी अडचण वेळेची नाहीच. त्या बैठकीत मी विचारलं होतं, काल जेवणात कच्चं काही खाल्लं त्यांनी हात वर करा. तीन-चार हात वर आले. मग विचारलं, काल घरात कोशिंबीर, सॅलड, काहीतरी केलं होतं त्यांनी हात वर करा. आता निम्म्याहून जास्त हात वर! क्षणभर कुणी बोललं नाही. म्हणजे केलं सगळ्यांसाठी, चिरलं आपण, पिळलं आपण, आणि खाल्लं मात्र बाकीच्यांनी. एकजण म्हणाली, "उरलंच नाही ना ताई." दुसरी म्हणाली, "आपण काय, कशाबरोबरही खातो." हे 'आपण काय' फार जुनं दुखणं आहे, मैत्रिणींनो. कुणी आपल्याला उपाशी ठेवत नाही. आपणच आपलं नाव यादीत शेवटी लिहितो आणि शेवटच्या नावापर्यंत वाटी पोचत नाही.

म्हणून आम्ही गटात एक साधा नियम केला. कोशिंबीर झाली की ताटं मांडायच्या आधी आपली वाटी भरून झाकून ठेवायची. मीठ-लिंबू नंतर घालू, पण वाटी आधी भरायची. पहिल्या आठवड्यात काहीजणींना लाज वाटली. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "हे कुणासाठी झाकलंय?" तिने सांगितलं, "माझ्यासाठी." सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी झाकलेल्या वाट्या दोन होत्या, एक सुनेची, एक सासूची. सासूला तरी तिच्या उमेदीच्या काळात कुणी वाटी झाकून ठेवली होती?

त्या नव्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी माझ्या घरचं चिंच-गुळाचं ड्रेसिंग छोट्या बरणीत दिलं आणि सोबत कृती सांगितली. आता गटातल्या बायका विचारतात, हे करून विकायचं का? विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, स्वच्छता आणि बाटलीवर खरं-खरं लिहिणं, हे सगळं रीतसर करावं लागेल. ते जमलं तर उत्तमच, चार पैसे गावात येतील. पण माझी आधीची अट ठरलेली आहे. जी बाई बाटली भरेल, तिने आधी स्वतःची वाटी भरायची.

या आठवड्यात तुम्हीही करून बघा. घरात असेल ते घ्या, काकडी, मुळा, कोबी, पेरू, मोड आलेले मूग. ठेचा, घोटा, लिंबू पिळा. आणि रात्री झोपताना एकच प्रश्न स्वतःला विचारा, आज डाव्या बाजूची वाटी माझ्याही ताटात होती का? उत्तर 'हो' आलं, तर मला जरूर कळवा. सोबत तुमच्या घरची कृतीही पाठवा, आमच्या गटाला नवं काही करून बघायला आवडेल.